पाचोळ्याचं मशीन आणि ते बंद करण्याची शिस्त

आमच्या सोसायटीत झाडं जुनी आहेत. फाटकापाशी रेन ट्री, मागच्या भिंतीला गुलमोहर आणि सोनमोहर, घसरगुंडीवर सावली धरणारे दोन जंगली बदाम आणि मधल्या पाराला पिंपळ. पुण्यात थंडी ओसरायला लागली की बदाम लाल होऊन गळतात, मागोमाग पिंपळ, आणि रेन ट्रीची बारीक पानं तर पार चैत्रापर्यंत झरत राहतात. आवार मोठं, झाडणाऱ्या मावशी एकट्या. सकाळी लोटलेलं अंगण दुपारी परत तसंच.

पूर्वी हा पाचोळा मागच्या कोपऱ्यात पेटवून द्यायचे. २०१६च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर जाळणं बंद केलं. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंडाचा आदेश दिला. दंडाची भीती होतीच, पण त्या धुराने रात्रभर खोकणारी माणसं आमच्याच इमारतीतली होती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. मग पोती भरून ठेवायला सुरुवात झाली आणि पोत्यांना जागा पुरेना. शेवटी बाग समितीने विजेवरचा लीफ व्हॅक्यूम घेतला. तो चालवून बघणं, दुसऱ्यांना शिकवणं आणि सांभाळणं हे काम मी मागून घेतलं. नोकरीतली माझी बरीच वर्षं मेंटेनन्समध्ये गेली आहेत, त्यामुळे मशीन आलं की आधी त्याचं पुस्तक वाचायची सवय हाडात मुरलेली आहे.

एका हंगामानंतर माझं एक मत पक्कं झालं आहे. हे मशीन चालू असताना माणूस सावध असतो. ते अडकतं, थांबतं, पिशवी भरते, तेव्हा माणूस सैल पडतो आणि हात नको तिथे जातो. म्हणून मी सगळ्यांना आधी ते बंद करायला शिकवलं, चालवायला नंतर.

मशीन तसं सोपं आहे. हातात धरायचा मोटारीचा भाग, पुढे जाड प्लास्टिकची नळी, बाजूला खांद्याला अडकवायची ४५ लिटरची कापडी पिशवी. आत पंखा फिरतो, तोच हवा ओढतो आणि आत आलेली पानं त्याच्याच पात्यांवर आपटून चुरा होतात. खटका फिरवला की तेच मशीन फुंकायलाही लागतं. दहा पोत्यांचा पाचोळा एका पोत्यात मावतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं. कोरड्या पिंपळपानांना ते जवळपास लागू पडतं, रेन ट्रीच्या पानांना नाही, कारण ती मुळातच बारीक असतात. घेताना मी एका गोष्टीवर अडून बसले होते: पंखा धातूचा हवा. आपल्याकडच्या अंगणात पानांबरोबर काय काय येतं हे माहीत असेल, तर प्लास्टिकच्या पंख्याचा मोह होत नाही.

खरा वेळ गेला तो विजेच्या तयारीत, आणि तो जायलाच हवा होता. मशीनच्या पाटीवर २५०० वॉट लिहिलं आहे. २३० व्होल्टने भागलं की ११ अँपिअरच्या आसपास येतं. वॉचमनच्या खोलीतला मोबाइल चार्जिंगचा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे तो बादच. पंपाच्या खोलीत १६ अँपिअरचा होता, पण त्याच्या भोकांभोवती प्लास्टिक काळवंडलेलं. आतली पकड सैल झाली की तिथे ठिणग्या पडतात आणि पिन तापते, त्याची ती खूण. वायरमनदादांकडून तो सॉकेट बदलून घेतला आणि त्याच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की पडणारा स्विच, आधीपासून होता, मग हे कशाला, असं समितीत विचारलं गेलं. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. तार कापली गेली आणि थोडा प्रवाह कुणाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागला, तर तो एमसीबीच्या दृष्टीने नगण्य असतो. आरसीसीबी तेवढ्याशा गळतीलाही क्षणात वीज तोडतो. आमच्या मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे, म्हणजे त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि अर्थिंगची तार नाही. अशा मशीनला तर आरसीसीबी असायलाच हवा. त्याच्यावरचं चाचणीचं बटण काम सुरू करण्याआधी दाबायचं आणि तो खटकन पडतो की नाही बघायचं, हे आमचं पहिलं काम. पडला नाही तर त्या दिवशी झाडू.

मग एक्स्टेन्शनची वायर. दुकानात नेहमी मिळते ती पातळ वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची असते. २५ मीटर लांबीला, जाऊन-येऊन धरलं तर तिचा रोध सव्वा ओहमच्या घरात जातो, आणि ११ अँपिअरला ती एकटी दीडशे वॉटच्या आसपास उष्णता तयार करते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तोच आकडा पन्नासच्या आत राहतो. आम्ही दुसरी घेतली, तीन तारांची, जाड रबरी आवरणाची. महाग पडली, पण या पूर्ण खरेदीत पैसे वाचवायची सगळ्यात वाईट जागा हीच होती. आणि ती चक्रीवर गुंडाळलेली ठेवून चालवायची नाही, गरज दहा मीटरची असली तरी पूर्ण सोडायची. गुंडाळलेल्या वेढ्यांना उष्णता बाहेर टाकायला वाट नसते, आवरण आतल्या आत मऊ पडतं. वायरमनदादांनी मला एक जुनी चक्री कापून दाखवली, तिचे आतले वेढे एकमेकांना चिकटलेले होते.

मशीनची स्वतःची वायर आखूड असते, तिचा आणि एक्स्टेन्शनचा जोड लॉनवर ओल्यात पडू द्यायचा नाही. दोन्ही वायरी एका सैल गाठीत अडकवल्या की ओढ लागून पिन निसटत नाही. काम सुरू करायचं ते सॉकेटच्या जवळून, आणि पुढे पुढे जायचं, म्हणजे वायर कायम पाठीमागे राहते. वायर खांद्यावरून मागे सोडली तर पायातही येत नाही.

आता अंगण. मशीन लावायच्या आधी आम्ही एकदा नुसते हातात काठी आणि बादली घेऊन फिरतो. माळीकाकांना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. "ताई, एवढं बघत बसूस्तोवर मी अर्धं आवार लोटलं असतं," म्हणाले. त्यांना मी बादलीत जमलेलं दाखवलं: खडी, बाटल्यांची झाकणं, फुटकी काच, गुटख्याच्या पुड्या, गुलमोहराची वीतभर शेंग, बदामाची फळं. गुलमोहराची शेंग लाकडासारखी टणक असते, ती पंख्यात गेली तर तुकडे होऊन उडतात. खडी गेली तर पात्याला खळगा पडतो, आणि एका पात्याचं वजन कमी झालं की पंखा थरथरायला लागतो, मग बेअरिंग जातं. सगळ्यांत वाईट दोरा. संक्रांतीनंतर झाडांतून सुटून पडलेला नायलॉनचा मांजा, जो बंदी असूनही दरवर्षी येतोच, पाराभोवतीच्या हारांचे दोरे, नारळाच्या शेंड्या. दोरा नळीतून सरळ पंख्याच्या दांड्याला गुंडाळतो आणि तो दिसत नाही, फक्त मोटारीचा आवाज जड होतो. पाराजवळ म्हणून आम्ही मशीन नेतच नाही. तिथलं निर्माल्य हातानेच उचलायचं.

काठी दुसऱ्या कारणासाठी. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट आहे. कित्येक दिवस साचलेल्या पाचोळ्याखाली विंचू असतो, बेडूक असतो, सापसुरळी असते, आणि साप असणार नाही याची खात्री कोणी देऊ नये. जुना ढीग असेल तर तो लांब दांड्याच्या फावड्याने पसरायचा, थोडा वेळ तसाच सोडायचा, आणि आत जे कोणी असेल त्याला निघून जायला वाट द्यायची. ढिगाला थेट नळी लावायची नाही. हे फक्त आपल्या भीतीपोटी नाही. पंख्यातून जिवंत काहीच बाहेर पडत नाही. भिंतीलगतची दोन हात रुंद पट्टी आणि झुडपांच्या बुंध्याखालचा पाचोळा आम्ही मुळी काढतच नाही. काहींना ते अस्वच्छ वाटतं. मला तो बागेचा हक्काचा भाग वाटतो, गांडुळं आणि किडे तिथेच टिकतात.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मशीन बाहेर काढायचं नाही, हा नियम मी फळ्यावर लिहून लावला. होळी नेमकी ऐन पानगळीत येते. राख वरून थंड दिसते, आत निखारा असतो. तो नळीतून पिशवीत गेला तर कोरडा चुरा, कापड आणि वरून जोराची हवा, आग लागायला आणखी काही लागत नाही. विझवलेली सिगारेट, उदबत्तीची काडी, दिवाळीत फटाक्यांचे तुकडे, सगळ्यांना हाच नियम.

कपड्यांचा प्रश्न मावशींच्या बाबतीत आला. त्यांना मशीन शिकायची हौस होती आणि मलाही त्यांनीच ते चालवावं असं वाटत होतं, कारण रोजचं काम त्यांचं. पण मोटारीच्या मागच्या जाळीतूनही हवा आत ओढली जाते, तिथे पदर, ओढणी, मोकळी वेणी गेली तर सुटायला वेळ मिळत नाही. "पदर खोचते की मी," त्या म्हणाल्या. खोचलेला पदर वाकल्यावर सुटतो. शेवटी त्यांनीच तोड काढली: शेतावर जाताना बायका साडीवरून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तसा शर्ट. गळ्यातलं आत, केस रुमालात. पायात बंद बूट समितीने दिले, डोळ्यांना चष्मा, कानांवर इअरमफ आणि नाकावर एन-९५ मास्क. मास्कबद्दल मी हट्टी आहे. पिशवीच्या कापडातून हवा बाहेर पडावीच लागते आणि तिच्याबरोबर चुऱ्याची बारीक धूळ येते. ती दिसत नाही, संध्याकाळी घशात जाणवते.

आवाजही कमी नाही. चालवणाऱ्याच्या कानापाशी तो ८५ डेसिबलच्या पलीकडे जातो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. म्हणून आम्ही वेळ ठरवली, सकाळी दहा ते साडेअकरा, सलग वीस मिनिटांच्या वर नाही. ही वेळ दुसऱ्या कारणानेही बरोबर बसते. तोवर दव उडालेलं असतं. ओली पानं ओढली की त्यांचा लगदा पंख्याला आणि नळीच्या वळणाला थापला जातो, ओढ कमी होते, मोटार तापते. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना दुपारी झोप लागते, आणि तळमजल्यावर बाळ आहे, तेव्हा दुपार आपोआप गेली.

चालवताना नळी जमिनीवर टेकवायची नाही, दोन-तीन बोटं वर ठेवून हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायची. घाई केली की नळी एकदम भरते. बदामाची पानं मोठी आणि चामड्यासारखी, ती एकेक करून आत जाऊ द्यावी लागतात. खरं सांगायचं तर बदामाला झाडूच बरा, ढीग करून मग थोडा थोडा द्यायचा. पिंपळाला मशीन सर्वांत छान लागू पडतं. रेन ट्रीच्या शेंगा गोड आणि चिकट असतात, त्या आत गेल्या की पात्यांवर गुळासारखा थर बसतो, त्या आधी वेचाव्यात.

आणि अडकणं. फेब्रुवारीत एकदा मावशी चालवत असताना आवाज अचानक बसका झाला आणि पिशवीत काही पडेना. मी लांब उभी होते. त्यांनी बटण सोडलं, मशीन खाली ठेवलं, आणि नळीकडे न बघता सरळ सॉकेटकडे चालत गेल्या. स्विच बंद केला, पिन काढली, पिनेचं टोक शर्टाच्या खिशात घालून परत आल्या. मग उभं राहून कान देऊन ऐकलं. बटण सोडलं तरी पंखा काही सेकंद फिरत राहतो, मोटारीचा आवाज गेला म्हणजे तो थांबला असं नाही. पूर्ण शांत झाल्यावर त्यांनी नळीचा जोड उघडला आणि बोटं न घालता लाकडी काठीने आतला गोळा उकरला. पिंपळाच्या लांब देठांचा गुंता होता. नंतर पंखा काठीनेच एक वेढा फिरवून बघितला, मोकळा फिरला, मग नळी बसवली. नळी नीट बसली नाही तर मशीन सुरूच होत नाही, तिथे एक छोटा सुरक्षा स्विच आहे. तो चिकटपट्टीने दाबून ठेवून नळीशिवाय चालवून बघणारे लोक मी कारखान्यात पाहिलेत, दुसऱ्या मशीनवर. त्या स्विचला कोणी हात लावणार नाही हे मी समितीच्या वहीत लिहून घेतलं आहे.

पिनेचं टोक खिशात घालणं ही माझीच शिकवण. कारखान्यात आपण दुरुस्तीला बसलो की स्विचला स्वतःचं कुलूप लावायचो आणि किल्ली खिशात ठेवायचो. इथे कुलूप नाही, पण पिन खिशात असली तर दुसऱ्या कोणी येऊन सहज बटण दाबण्याचा प्रश्नच उरत नाही. एकच अडचण, एक्स्टेन्शन लांब असेल तर ते टोक मशीनपर्यंत आणणं जमत नाही, तेव्हा पिन सॉकेटमधून न काढता मशीनजवळचा जोड सोडवायचा आणि मशीनच्या बाजूचं टोक खिशात ठेवायचं.

पिशवी अर्धी भरली की रिकामी करायची. पूर्ण भरलेली पिशवी खांद्याला ओढते, कंबर दुखते आणि हवेला बाहेर पडायला जागा न राहिल्याने ओढही मंदावते. ओढायचं आणि फुंकायचं यांतला खटका फिरवतानाही आधी बंद, पंखा शांत, मग खटका.

देखभालीचं काम रोजचं थोडं आणि महिन्याचं थोडं. रोज पिशवी उलटी करून झटकायची आणि चेन ब्रशने साफ करायची, कारण चेनमध्ये चुरा अडकला की ती फाटते आणि नवी पिशवी मिळायला वेळ लागतो. नळीत आणि पंख्याच्या घरात कोरडं फडकं, मोटारीच्या जाळीवर जुना टूथब्रश. पाणी कुठेही नाही, रॉकेल किंवा थिनर तर नाहीच, प्लास्टिकला तडे जातात. वायर पूर्ण लांबीभर बोटांतून सरकवत बघायची, कुठे चीर, दबलेली जागा, उंदराचे दात. चीर दिसली की इन्सुलेशन टेप लावून चालवायचं नाही, वायर बदलायची. महिन्यातून एकदा पंख्याची पाती उजेडात बघायची आणि दांड्याशी दोरा गुंडाळला आहे का ते बघायचं. आमच्या पंख्याला मांजाचा एक वेढा मिळालाच, चिमट्याने काढला.

मोटारीत कार्बन ब्रश असतात, ते झिजतात. जाळीतून नेहमीपेक्षा मोठ्या निळसर ठिणग्या दिसायला लागल्या, मधेच दम गेल्यासारखं झालं किंवा जळका वास आला की काम थांबवायचं. बदलायचे तर दोन्ही एकदम. हे काम मी वायरमनदादांकडून करून घेते, कारण मशीन उघडून परत बंद केल्यावर ते मेगर लावून इन्सुलेशन तपासतात आणि माझ्याकडे मेगर नाही.

चुऱ्याचं काय झालं तेही सांगते, कारण हा सगळा खटाटोप त्यासाठीच होता. मागे विटांचे दोन हौद केले. घरोघरच्या ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, कोरड्या पानांत कार्बन जास्त, दोन्ही मिसळून कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण तीसास एकच्या जवळ आलं की खत वास न मारता होतं. पूर्वी पोत्यातली अख्खी पानं थराथराने एकमेकांना चिकटून तशीच राहायची. चुरा पटकन मिसळतो. उरलेला चुरा एप्रिलच्या उन्हात कुंड्यांत आणि जास्वंदीच्या आळ्यांत चार बोटं जाड पसरला. माती ओली राहिली आणि माळीकाका पाणी एक दिवसाआड घालू लागले. सकाळच्या काठी-बादलीच्या फेरीबद्दल ते आता काही बोलत नाहीत, स्वतःच निघतात.

मृग लागायच्या आधी मशीन पूर्ण साफ करून, पिशवी दोन दिवस उन्हात वाळवून, वायर सैल वेढ्यांत गुंडाळून आत ठेवलं. पंपाच्या खोलीत नाही, तिथे ओल असते. सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर. पावसाळ्यात बदाम पुन्हा एकदा गळतात, तेव्हा मोह होईल याची कल्पना होती, आणि झालंही तसंच. जुलैत गच्चीवर पन्हळीच्या तोंडाशी पानं अडकून पाणी तुंबलं तेव्हा दोन जणांनी किल्ली मागितली, पाचच मिनिटांचं काम आहे म्हणाले. ओल्या गच्चीवर, साचलेल्या पाण्यात पाय ठेवून, २३० व्होल्टचं मशीन. मी किल्ली दिली नाही. लांब दांड्याचा वायपर आणि खराटा दिला, आणि पन्हळीच्या तोंडाला जाळी बसवायचं काम त्याच आठवड्यात करून घेतलं.